हमालाचा मालक कोण? माथाडी कायद्यातून समजून घेऊ कामगार संघटनेचं काम

पूर्वी पोतं क्विंटलचं असायचं, म्हणजे शंभर किलोचं. ट्रकच्या फाळक्यावर उभे असलेले दोघे आकड्यानं पोतं ओढून कडेला आणतात. खाली उभा असलेला हमाल पाठ देतो. डोक्यावरून मागे सोडलेल्या गोणपाटाच्या खोळीवर पोतं बसतं आणि तो गुडघे वाकवून, नजर जमिनीवर ठेवून गाळ्यातल्या थप्पीकडे चालू लागतो. थप्पी उंच झाली की फळीवरून वर चढायचं, पोतं टाकायचं, परत ट्रककडे यायचं. असं दिवसभर. पन्नाशीच्या आत या माणसांच्या गुडघ्यांचं आणि मणक्याचं काय होतं, हे बाजार समितीच्या आवारात जो कोणी तासभर उभा राहील त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आज साखर, धान्य, सिमेंट हा सगळा माल बहुतेक करून पन्नास किलोच्या पोत्यात येतो. पोतं अर्ध्यावर कसं आलं? मोठं पोतं व्यापाऱ्याच्या सोयीचं होतं. बारदान कमी लागायचं, मोजदाद लवकर व्हायची. ते लहान करायचं कारण त्याच्याकडे नव्हतं. कारण होतं ते उचलणाऱ्याकडे, पण पोत्यात किती भरायचं हे त्याला कोणी विचारत नव्हतं. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालच्या हमाल पंचायतीनं आणि राज्यातल्या इतर हमाल संघटनांनी ‘पन्नास किलोच्या वर उचलणार नाही’ ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ मध्ये ओझ्याच्या मर्यादेचा करार केला आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही मर्यादा सुचवली. भारतानं त्या करारावर मान्यतेची मोहोर उठवली २०१० मध्ये. मधल्या चाळीसहून अधिक वर्षांत तो करार कागदावरच होता आणि पोती पाठीवर.

कामगार संघटना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झेंडे, बंद गेट आणि घोषणा येतात. संप हे संघटनेचं एक हत्यार आहे, पण ते क्वचित काढायचं असतं. एरवी संघटना काय करते, तिच्यामुळे हक्क कसा मिळतो आणि मिळालेला टिकतो कसा, हे समजून घ्यायला मी मुद्दाम कारखान्याचं उदाहरण घेत नाही. कारखान्यात निदान मालक कोण हे ठाऊक असतं. हमालाला तेही ठाऊक नसतं, आणि तरीही महाराष्ट्रातल्या हमालांनी देशात दुसरीकडे क्वचितच सापडेल अशी व्यवस्था उभी केली. ती मराठी माणसांनी घडवली असूनही आपल्याला तिची पुरेशी ओळख नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

एकट्यानं मागून का मिळत नाही

कायद्याच्या पुस्तकात नोकरी हा दोन व्यक्तींमधला राजीखुशीचा करार असतो. तू काम दे, मी पैसे देतो, पटलं तर ठीक, नाहीतर रामराम. कागदावर दोघं सारखे दिसतात. प्रत्यक्षात व्यापाऱ्याचा माल वखारीत चार दिवस पडून राहिला तरी त्याच्या घरची चूल पेटते. हमालानं चार दिवस काम नाकारलं तर त्याची पेटत नाही. ज्याला थांबता येतं तो दर ठरवतो. शिवाय एकानं ‘पोत्यामागे दोन रुपये जास्त द्या’ म्हटलं की मुकादम त्याला बाजूला करून गावाकडून कालच आलेल्या पोराला उभा करतो. त्या पोराची गरज आणखी मोठी असते.

आता हेच तीस जण एकत्र म्हणाले तर? ट्रक रिकामा झाला नाही तर त्याचं भाडं चढतं. कांदा-बटाटा असेल तर तापतो, सडतो. मागचे ट्रक रांगेत अडकतात. आता थांबणं व्यापाऱ्याला परवडत नाही. माणसं तीच, काम तेच, मालही तोच, फक्त थांबण्याची ताकद एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकली. सामूहिक वाटाघाटी असा जड शब्द अर्थशास्त्रात वापरतात, त्याचा गाभा इतकाच आहे. दोघांना सारखंच नुकसान होणार असेल तेव्हाच बोलणी बरोबरीची होतात.

ही गोष्ट मालकांना पूर्वीपासून नीट कळत होती. म्हणूनच एकत्र येऊन मागणं हेच बेकायदा ठरवण्याचा खटाटोप झाला. मद्रासमध्ये १९१८ साली बी. पी. वाडिया यांनी ‘मद्रास लेबर युनियन’ उभी केली. बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीतल्या तंट्यानंतर कंपनीनं वाडियांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हायकोर्टात खेचलं. कामगारांना करार मोडायला चिथावलं, त्यामुळे आमचं नुकसान झालं, भरपाई द्या, असा दावा होता. कोर्टानं मनाईहुकूम दिला. म्हणजे कामगाराला ‘एकत्र राहा’ असं सांगणारा माणूस भरपाईच्या दाव्यात बुडू शकत होता.

या निकालानं देशभरातले कामगार पुढारी हादरले. १९२१ मध्ये केंद्रीय विधिमंडळात ना. म. जोशींनी ठराव मांडला की संघटनांची नोंदणी करा आणि त्यांना कायद्याचं संरक्षण द्या. जोशी मूळचे आपल्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे. मुंबईत त्यांनी ‘सोशल सर्व्हिस लीग’ काढली होती आणि १९२० मध्ये मुंबईतच स्थापन झालेल्या ‘ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस’च्या, म्हणजे ‘आयटक’च्या संस्थापकांत ते होते. त्यांच्या ठरावानंतर पाच वर्षांनी, १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा झाला. त्यानं दोन गोष्टी केल्या. नोंदणीकृत संघटनेच्या कायदेशीर कामासाठी सभासद एकत्र आले तर त्याला गुन्हेगारी कट म्हणता येणार नाही, असं सांगितलं. आणि कामाच्या तंट्यात कोणी करार मोडायला सांगितलं, एवढ्याच कारणावरून त्याच्यावर दिवाणी दावा लावता येणार नाही, असंही सांगितलं. पुढे राज्यघटनेच्या कलम १९(१)(ग) मध्ये संघटना करण्याचं स्वातंत्र्य मूलभूत हक्क म्हणून आलं. आज एखादा मॅनेजर ‘इथे युनियन चालणार नाही’ असं दरडावतो, तेव्हा तो शंभर वर्षांपूर्वी मिटलेला वाद पुन्हा उकरत असतो.

रविवारची सुट्टीही अशीच मागून मिळाली, हे इथे सांगायलाच हवं. ‘दीनबंधु’चे संपादक आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर इजा झाली तर भरपाई, इतक्या साध्या मागण्या होत्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे सहा वर्षं गेली.

मुकादम, टोळी आणि नसलेला मालक

मुंबईत मस्जिद बंदर, दाणा बंदर, भात बाजार हा सगळा पट्टा गोदीला लागून. गोदीतून आणि रेल्वेच्या मालधक्क्यावरून माल यायचा आणि तो डोक्यावर, पाठीवर वाहणारी माणसं सातारा, सांगली, पुणे, नगर जिल्ह्यांतल्या डोंगरी तालुक्यांतून यायची. कोरडवाहू शेतीत भागत नाही म्हणून आलेली. रात्री झोपायला गाळ्याची पायरी, नाहीतर हातगाडी.

या माणसाचा मालक कोण? सकाळी तो एका आडत्याचा ट्रक उतरवतो, दुपारी शेजारच्याची वखार भरतो, संध्याकाळी वाहतूकदाराचा माल चढवतो. प्रत्येक जण म्हणतो, ‘हा माझा नोकर नाही, मी मुकादमाला पैसे दिले.’ मुकादम म्हणतो, ‘मी पण हमालच आहे.’ कामगार कायद्यांची सगळी इमारत ‘अमुकचा नोकर तमुक’ या नात्यावर उभी असते. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा हे सगळं त्या नात्यातून येतं. ते नातंच सिद्ध होत नसेल तर पाठीवर पोतं पडून माणूस जायबंदी झाला तरी दाद मागायला दार नाही.

अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातल्या मंद्रुळ कोळे गावचे. स्वतः अंगमेहनतीची कामं केलेला हा माणूस. १९६० च्या दशकात त्यांनी मुंबईच्या बाजारांतले हमाल आणि माथाडी, म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारे कामगार, संघटित केले. त्यांच्या मागणीतली शहाणीव मला आजही थक्क करते. त्यांनी ‘आम्हाला या व्यापाऱ्याचे कायम नोकर करा’ असा हट्ट धरला नाही. तो धरला असता तर कोर्टात वर्षानुवर्षं ‘मालक कोण’ यावरच वाद रंगला असता. शेजारच्या गोदीत १९४८ च्या कायद्यानं एक वाट दाखवली होती. तिथेही काम आज आहे तर उद्या नाही असंच होतं. त्यावर उपाय म्हणून कामगारांची नोंद आणि कामाची वाटणी बोर्डाकडे दिली गेली होती. हमालांसाठी तसंच काही झालं पाहिजे, असा आग्रह धरला गेला. मोर्चे झाले, काम बंद झालं, सरकारशी बोलणी झाली आणि १९६९ मध्ये ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा’ आला.

लेव्ही म्हणजे काय

कायद्याची कल्पना अशी. धान्य बाजार, कापड बाजार, लोखंड बाजार, भाजीपाला, रेल्वे मालधक्का अशा क्षेत्रांसाठी माथाडी मंडळं असतात, रोजच्या बोलण्यात ज्यांना ‘बोर्ड’ म्हणतात. हमाल बोर्डात नाव नोंदवतो, माल चढवून-उतरवून घेणारा व्यापारी किंवा कारखानाही नोंदणी करतो. काम झालं की हमालीचे पैसे व्यापाऱ्यानं मुकादमाच्या हातात द्यायचे नाहीत, बोर्डाकडे भरायचे. आणि हमालीवर ठरलेल्या टक्क्यांनी आणखी एक रक्कम भरायची. तिला लेव्ही म्हणतात.

समजण्यापुरते आकडे घेऊ. पन्नास किलोची दोनशे पोती असलेला ट्रक आला, म्हणजे दहा टन माल. टनाला दोनशे रुपये दर ठरलेला आहे असं धरा. हमाली झाली दोन हजार. लेव्ही ३५ टक्के धरली तर सातशे. व्यापारी बोर्डाकडे सत्तावीसशे भरतो. टोळीत आठ जण असतील तर दोन हजारांतून प्रत्येकाच्या नावावर अडीचशे जमा होतात, त्यातून त्याचा स्वतःचा भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता कापला जातो आणि उरलेली मजुरी त्याच्या बँक खात्यात जाते. सातशेतून बोर्ड प्रत्येकाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाण्याची सोय आणि स्वतःचा कारभार चालवतं. दर आणि टक्के बोर्डाप्रमाणे, कामाप्रमाणे बदलतात.

यात काय घडलं ते नीट पाहा. हमाल दिवसात पाच मालकांकडे राबला तरी त्याचं खातं एकच राहिलं. पाचही जणांनी आपापल्या कामापुरता वाटा भरला आणि तो एका ठिकाणी साचत गेला. ‘मालक कोण’ हा प्रश्न सोडवलाच नाही, त्याला वळसा घातला. जो काम करून घेईल तो त्या कामापुरता भरेल, झालं! थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करण्याची तरतूदही कायद्यात आहे, कारण व्यापाऱ्यामागे कोर्टकचेऱ्या करत फिरणं हमालाला शक्य नाही हे तेव्हाच्या कायदा करणाऱ्यांना कळत होतं.

बोर्डावर कोण बसतं हेही महत्त्वाचं. मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं, आणि सरकारचे प्रतिनिधी एकूण सदस्यांच्या एक तृतीयांशाहून जास्त नाहीत. म्हणजे दर ठरवायच्या टेबलावर पोतं उचलणाऱ्याचा माणूस हक्कानं बसतो. याच कायद्याच्या धर्तीवर पुढे १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा झाला. सोसायटीच्या गेटवर बसणाऱ्या बोर्डाच्या गार्डाला निधी आणि बोनस मिळतो आणि शेजारच्या इमारतीतल्या एजन्सीच्या गार्डाला मात्र बारा तासांचे मोजके पैसे मिळतात, हा फरक आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो इथून आलेला आहे.

कायदा झाल्यावर संघटनेचं काम काय उरतं?

खरं तर तेव्हाच सुरू होतं. बोर्ड आपोआप चालत नाही. एखादा नवा गोदामवाला नोंदणीच करत नाही आणि रोख पैसे देऊन काम उरकतो. हमालालाही हातात पूर्ण रोख मिळाली की त्या दिवशी बरं वाटतं. त्याला ‘हे घेऊ नकोस, तुझा निधी बुडतोय’ हे समजावणं आणि गोदामवाल्याला नोंदणीला भाग पाडणं हे संघटनेचं काम. दराचा करार ठरावीक मुदतीचा असतो, तो संपत आला की महागाई, नवीन माल, उंचीवर थप्पी लावण्याचा वेगळा दर, सुट्टीच्या दिवशीचा दर या सगळ्याची बोलणी करावी लागतात. ट्रकमध्ये दहा टनांची चिठ्ठी असते आणि माल निघतो साडेअकरा टन. हा दीड टन कोणाच्या पाठीवरून फुकट गेला, ते काट्याची पावती दाखवून भांडावं लागतं. दोन टोळ्यांमध्ये कामाच्या वाटणीवरून जुंपली तर ती मिटवावी लागते. म्हातारा हमाल वारला आणि निधीवर वारसाचं नाव चुकलेलं असलं तर त्याच्या बायकोबरोबर बोर्डाच्या खेपा घालाव्या लागतात. यातलं काहीच वर्तमानपत्रात येत नाही. माझ्या मते संघटनेची खरी परीक्षा या खेपांमध्येच होते.

पुण्यात हमाल पंचायतीनं याच्याही पुढे जाऊन १९७० च्या दशकात ‘कष्टाची भाकर’ सुरू केलं. दिवसभर ओझी वाहणाऱ्याला पोटभर आणि परवडेल असं जेवण मिळावं, एवढाच हेतू. संघटनेनं स्वयंपाकघर चालवावं का, असं कोणी विचारेल. पण मजुरी वाढवून मिळाली आणि ती सगळी बाहेरच्या महाग जेवणात गेली तर वाढीचा उपयोग काय? माथाडींच्या पतपेढ्या, घरकुलं, दवाखाने यांच्यामागेही हाच विचार आहे. १९९३ मध्ये पुण्यातच कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ झाली, तिच्या सभासदांत बहुसंख्य बायका. त्यांची पहिली मोठी लढाई कोणती होती? ओळखपत्राची. कचरा वेचणारी बाई दिसली की तिला चोर समजायचं ही शहराची सवय होती. हातात महापालिकेनं मान्य केलेलं कार्ड आलं की पोलिसाशी, वॉचमनशी, भंगारवाल्याशी बोलताना मान वर होते. रुपयांत मोजता न येणारे हक्कही असतात आणि त्यांचं मोल ज्याला ते नाकारले गेलेत त्यालाच कळतं.

संघटना चुकतात तेव्हा

मी संघटनेच्या बाजूनं आहे, म्हणूनच हे लिहिणं भाग आहे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये विणकाम खात्यात दलित कामगारांना घेत नसत. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, विटाळ होईल, हे कारण. त्या खात्यात पगार सगळ्यांत चांगला होता. कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या संघटनांनी हा अन्याय वर्षानुवर्षं चालू दिला. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी तो प्रश्न लावून धरला तेव्हा कुठे तो पुढाऱ्यांना मागण्यांमध्ये घ्यावा लागला. संघटना झाली की तिच्या आत आपोआप समता येते, असं नाही.

दुसरा धडा १९८२ च्या संपाचा. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. आपल्याकडे या संपाची चर्चा पुढाऱ्याच्या हट्टाभोवती फिरते. पण एक कायदेशीर गाठ होती, ती फारशी सांगितली जात नाही. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ प्रमाणे गिरणी उद्योगात ‘प्रातिनिधिक संघटना’ एकच, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. हा दर्जा ठरावीक टक्के सभासदत्व दाखवून मिळायचा, कामगारांच्या गुप्त मतदानानं नाही. तो मिळाला की करार करायचा अधिकार तिचाच. बहुसंख्य कामगार एका बाजूला आणि बोलणी करायचा कायदेशीर हक्क दुसऱ्या बाजूला, अशी कोंडी झाली. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांच्या जमिनींवर आज काय उभं आहे, ते लालबाग-परळला जाऊन पाहता येतं.

तिसरी गोष्ट आजची. माथाडीच्या नावावर खंडणी गोळा करणाऱ्या टोळ्या औद्योगिक पट्ट्यांत आहेत. माल कंपनीच्या क्रेननं उतरतो, तरी ‘आमची माणसं घ्या, नाहीतर पैसे द्या’ म्हणून ट्रक अडवला जातो. यात खऱ्या हमालाला दमडी मिळत नाही आणि बदनामी मात्र त्याच्या कायद्याची होते. उद्योजकांची ही तक्रार खरी आहे. पण तिच्या आडून बोर्डच मोडीत काढायचा प्रयत्न झाला तर तो साफ चुकीचा. खंडणीखोरावर फौजदारी गुन्हा लावा, त्यासाठी पाठीवर पोतं घेणाऱ्याचा निधी कशाला हवा?

नव्या संहितांनी काय बदललं

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली औद्योगिक संबंध संहिता संघटनांशी थेट निगडित आहे. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा यांच्या जागी ती आली.

चांगली बाजू आधी. कोणत्या संघटनेशी बोलायचं याचा नियम देशपातळीवर कायद्यात आला. एका आस्थापनेत अनेक संघटना असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा जिच्याकडे, ती वाटाघाटी करणारी संघटना. कोणाकडेच तेवढा नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची मिळून समिती. १९८२ ची कोंडी आठवली की या तरतुदीचं महत्त्व कळतं. अर्थात वीस टक्क्यांच्या खालच्या लहान संघटनांचा आवाज त्या खोलीत जाणार नाही.

दुसरी बाजू कडक आहे. पूर्वी संपाआधी नोटिशीचं बंधन सार्वजनिक उपयुक्त सेवांना होतं, आता सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना आहे. नोटीस दिल्यावर चौदा दिवस थांबायचं, आणि नोटीस साठ दिवसांपुरती. मध्ये समेटाची कारवाई सुरू झाली की संप बेकायदा. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जाईल. आणि कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. म्हणजे अडीचशे माणसांच्या कारखान्यात आता ती परवानगी लागत नाही. मागे सांगितलेली थांबण्याची ताकद आठवून पाहा. चौदा दिवसांत मालक माल साठवू शकतो, दुसरीकडून काम करून घेऊ शकतो. ताकदीचा काटा पुन्हा त्याच्याकडे झुकतो, आणि मला ही गोष्ट गंभीर वाटते.

मोबाइलवर येणारा मुकादम

घरोघर जेवण आणि सामान पोचवणारी मुलं, टॅक्सी चालवणारे. यांना कंपन्या ‘पार्टनर’ म्हणतात, म्हणजे नोकर नाहीत. सकाळी एका अॅपचं काम, रात्री दुसऱ्याचं. दर अॅप ठरवतं, काम अॅप वाटतं, आणि एके दिवशी आयडी बंद होतो तेव्हा कोणाशी बोलायचं तेच कळत नाही. दाणा बंदरच्या हमालाची अवस्था याहून वेगळी नव्हती.

म्हणून उत्तरही ओळखीचं आहे. राजस्थाननं २०२३ मध्ये अशा अॅपवरच्या, म्हणजे ‘गिग’ कामगारांसाठी कायदा केला. त्यात कामगारांची नोंदणी आहे, प्रत्येक व्यवहारावर कल्याण शुल्क आहे आणि कामगारांचे प्रतिनिधी असलेलं मंडळ आहे. कर्नाटकानंही २०२५ मध्ये याच वाटेचा कायदा केला. दहा टन मालावरची लेव्ही आणि एका पार्सलवरचं शुल्क यामागचं तत्त्व एकच, काम करून घेणाऱ्यानं त्या कामापुरता वाटा भरायचा. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत अशी तरतूद आहे, पण ती रक्कम कामगारांना देय असलेल्या पैशाच्या पाच टक्क्यांपुरती मर्यादित आहे. माथाडी बोर्डाची लेव्ही पाहिलेल्या माणसाला हा आकडा फारच किरकोळ वाटेल. ज्या महाराष्ट्रानं ही कल्पना १९६९ मध्ये घडवली, त्यानं राजस्थानच्या मागे राहावं हे मला पटत नाही.

संघटना काढायची तर सुरुवात सोपी आहे. किमान सात जणांनी संघटनांची नोंदणी करणाऱ्या सरकारी निबंधकाकडे (रजिस्ट्रारकडे) अर्ज करायचा. आस्थापनेतले दहा टक्के कामगार किंवा शंभर, यातला जो आकडा लहान असेल तेवढे सभासद हवेत. असंघटित क्षेत्रातल्या कामगारांनाही संघटना नोंदवता येते, आणि तिथे निम्मे पदाधिकारी तरी प्रत्यक्ष ते काम करणारे असावे लागतात. संघटित क्षेत्रात बाहेरचे पदाधिकारी एक तृतीयांश किंवा पाच, यातले जे कमी तेवढेच चालतात. आधीच संघटना असेल तर वर्गणी भरताना पावती घ्या, वर्षाचे हिशेब तपासून झालेत का ते विचारा, शेवटची निवडणूक कधी झाली ते विचारा. मालकाशी झालेल्या कराराची प्रत मागा आणि ती घरी नेऊन वाचा. त्यात तुमच्या कामाचा दर कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे ते लिहिलेलं असतं, आणि ती तारीख उलटायच्या आधी काही महिने सभा बोलवायला सांगायचा हक्क तुमचा आहे.